न थांबता तीनशे पावलं

मनकर्णाने काचेची नळी उजेडाकडे धरली, तशी सगळी आळी गप्प झाली. आळी म्हणजे शेजारची सहा पोरं, निंबाखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्या आणि दाराशी बांधलेली बकरी. बकरीलासुद्धा आता या नळीची सवय झाली होती.

"कोनता आला व मने?" एका म्हातारीने विचारलं.

"थांब ना आजी! रंग बसू दे आधी."

नळीत सुरुवातीला निळंभोर औषध असायचं. त्यात बाबांच्या लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे, नळी लाकडी चिमट्यात धरायची, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची आणि डोळे फाडून बघत राहायचं. निळं ते निळंच राहिलं, तर अंगातली साखर लघवीत उतरत नाही म्हणून समजायचं. हिरवं झालं तर थोडी उतरते. त्यापुढे पिवळा, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटेचा रंग.

नळीतलं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं, क्षणभर नारिंगीवर रेंगाळलं आणि धपकन विटकरी होऊन बसलं.

"वीट! वीट आली!" पोरं ओरडत सुटली. आता पाच मिनिटांत अर्ध्या चामोर्शीला कळणार होतं की गुणवंतरावांची वीट आली म्हणून.

सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खाटेवर बसलेल्या गुणवंतरावांनी मान खाली घातली. "पोरी, मी तं अर्धाच भात खाल्लो. तुह्या मायले विचार."

"अर्धा काय, पावच देल्ला मी," आतून धुरपताबाईचा आवाज आला. "अन मने, थे नळीगिळी घेऊन चुलीपाशी येशील तं पाय मोडीन. आधी हात धू!"

मनकर्णाने हात धुतले, वही उघडली आणि तारखेपुढे लिहिलं : रंग, विटकरी. गोड खाल्लं का, नाही. मग तिने पेन्सिल कानावर अडकवली, कारण नागपूरचे डॉक्टर तशीच अडकवायचे.

आदल्याच वर्षी आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. गाव होतं तिथंच होतं, नदी होती तिथंच होती, पण राज्य बदललं म्हटल्यावर काहीतरी नवीन घडायलाच पाहिजे, असं मनकर्णाला वाटत होतं. आणि घडलंच. आषाढ सरता सरता चिखलाने माखलेली एक जीपगाडी गावच्या दवाखान्यापाशी थांबली आणि तिच्यातून डॉक्टर बोरकुटे उतरले. उंच, वाळके, आणि बुटांत पाणी शिरल्यामुळे चालताना पचपच आवाज करणारे. साखरेचा आजार असलेल्या लोकांच्या पायातल्या रक्तनळ्या का बिघडतात, आणि रोज साखर पाहिली, आटोक्यात ठेवली, रोज चालवलं, तर त्या सुधारतात का, हे त्यांना शोधून काढायचं होतं. त्यासाठी जिल्ह्यातली चाळीस माणसं त्यांनी निवडली. चामोर्शीतून गुणवंतराव निवडले गेले, ते एका काट्यामुळे. उन्हाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटाला बोरीचा काटा रुतला होता, आणि ती एवढीशी जखम भरायला दोन महिने लागले होते.

डॉक्टरांनी गुणवंतरावांच्या पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ थांबले. "नाडी आहे," ते म्हणाले, "पण मुंगी चालल्यासारखी."

"म्हंजे कसं डॉक्टरसाहेब?"

"तुमच्या शेताचा पाट गाळाने भरला तर शेवटच्या बांधीतल्या धानाला पाणी पोचतं का?"

"नाई पोचत. पिवळं पडते."

"तुमचं पाऊल ही शेवटची बांधी. चाललं की पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून ती दुखते. थांबलं की दुखायचं राहतं. यावेळी काटा होता, जखम कशीबशी भरली. पुढच्या वेळी नाही भरली तर बोट कापावं लागेल. आणि ते बोटावरच थांबेल, असं मी सांगू शकत नाही."

गुणवंतराव बावीस वर्षं गावच्या दंडारीत पहिल्या रांगेत नाचत होते. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे नाचगाण्याची जत्रा, भरायची, ढोलकी वाजायची आणि पहिला पाय त्यांचा पडायचा. दुसऱ्या कुणाचा पहिला पाय पडलेला मनकर्णाने जन्मात पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी त्यांना तिथल्या तिथं चालवलं. घराच्या दारापासून मारुतीचा पार बरोबर तीनशे पावलांवर होता. गुणवंतराव एकशे साठाव्या पावलाला पोटरी धरून थांबले, ते नेमके नथ्थूभाऊच्या दारासमोर. हे फार वाईट झालं, कारण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं होतं आणि तीन वर्षांत एकमेकांशी शब्द नव्हता.

"दसऱ्यानंतर मी पुन्हा चालवीन," डॉक्टर म्हणाले. "न थांबता तीनशे पावलं, आणि नळीत हिरवा किंवा निळा रंग. एवढं झालं तर तुम्ही इथंच राहाल आणि मंडईत नाचाल. नाही झालं तर माझ्याबरोबर नागपूरला, ऑपरेशनला. या नव्या गोळ्या घ्या, साखर-गूळ बंद, भात अर्धा, आणि रोज चालायचं. दुखलं की थांबायचं, राहिलं की पुन्हा चालायचं. पण पहिल्यांदा किती पावलांवर दुखलं, ते लिहायचं. लिहिणार कोण?"

"आमची मनी लिवते," धुरपताबाई म्हणाली.

एक वर्षापूर्वी हे ऐकून मनकर्णा दाराआड पळाली असती. वर्गात उत्तर येत असलं तरी वेणीचं टोक चावत उभी राहणारी पोरगी ती. पण याच उन्हाळ्याआधी एकदा तिने उठून गणिताच्या मास्तरांना सांगितलं होतं, "मास्तर, तुमचं चुकलं." सगळा वर्ग हादरला. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, आणि खरंच चुकलं होतं! त्या दिवसापासून मनकर्णाला आवरणं कठीण झालं होतं.

"लिहीन मी," ती पुढे येऊन म्हणाली. "पण डॉक्टरसाहेब, एवढं केल्यानं बाबाचा पाय बरा होईल का?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

मनकर्णाचं तोंड उघडंच राहिलं. मोठ्या माणसाने, त्यातून बूट घातलेल्या माणसाने, इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हटलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती.

"तेच तर शोधतो आहे. चाळीस जणांनी खरं लिहिलं तर वर्षभराने कळेल. म्हणून एक लक्षात ठेव. आकडा वाईट आला तरी चालेल. खोटा आला तर चाळिसांचं उत्तर बिघडेल."

तर अशी ती वही सुरू झाली. आणि पहिल्या महिन्यात काय थाट होता तिचा! मनकर्णा सकाळी आईबरोबर गावाबाहेरच्या विहिरीवर पाण्याला जायची, तेवढ्यात गुणवंतराव एकटेच चालून यायचे आणि दारातून आकडा सांगायचे. दोनशे. दोनशे चाळीस. तीनशे दहा. पोळ्याच्या दिवशी तर चारशे! मनकर्णाने शाळेत नुकताच शिकलेला आलेख काढला. रेघ अशी वर चढत गेली होती की पानाला पान जोडावं लागलं. तिने तो मास्तरांना दाखवला, मैत्रिणींना दाखवला, बकरीलाही दाखवला असता, पण बकरीचा भरवसा नव्हता.

फक्त रंग काही ऐकत नव्हता. चार दिवस पिवळा, एखादा दिवस हिरवा, की पुन्हा वीट.

पोळा झाल्यावर डॉक्टर आले ते धो-धो पावसात. पुढचा नाला चढायच्या आत त्यांना परतायचं होतं, म्हणून ते जीपमधून अर्धेच उतरले आणि छत्रीखाली वही चाळली. मनकर्णा शाबासकीची वाट पाहत भिजत उभी राहिली.

डॉक्टरांनी हनुवटी खाजवली. "पाय इतका सुधारला आणि साखर जिथल्या तिथं? मनकर्णाबाई, या दोन रकान्यांतला एक खोटं बोलतो आहे. कोणता, ते तू शोध."

जीप गेली. मनकर्णा तशीच उभी. तिचा रकाना आणि खोटा!

दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेलीच नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि बाबांच्या मागे वीस हात अंतर ठेवून निघाली. गुणवंतराव झपझप चालले होते. एकशे चाळीस, एकशे पन्नास... एकशे पंचावन्नला पाय ओढायला लागला आणि ते थांबले. नथ्थूभाऊच्या दारात!

"काय नथ्थूभाऊ, म्हैस दूध देऊन राह्यली का नाई?"

"देते ना गा गुणवंता. काल जरा कमी देल्लं."

"चारा ओला असन."

मनकर्णाच्या डोक्यावरची खोळ घसरली. बाबा आणि नथ्थूकाका बोलतात, हे गावात कानावर आलं होतं तिच्या. बाई-माणसं नवल करत होती, गुणवंतरावांचा स्वभाव निवळला म्हणत होती. पण इथं तिला दिसत होतं ते निराळंच. बाबांनी एका हाताने नथ्थूकाकांच्या दाराचा खांब धरला होता, आणि म्हशीची चौकशी करता करता दुसऱ्या हाताने हळूच पोटरी चोळत होते. पोटरी निवळली तशी म्हशीची चौकशी संपली. पुढे नव्वद पावलांवर आळीतल्या विहिरीपाशी थांबून त्यांनी एका काकूला तिच्या जावयाची खुशाली विचारली. त्यापुढे माणूसच नव्हतं, तर खुंट्याला बांधलेल्या वासराशी बोलले. चांगलं दोन मिनिटं बोलले. पारापाशी मारुतीला रामराम घातला, तोही इतका सावकाश, की मारुतीच 'आता जा बाप्पा' म्हणाला असता.

आणि या सगळ्या पावलांची बेरीज करून ते घरी आले. मनकर्णा आडवाटेने धावत आधीच पोचली होती.

"किती झाले बाबा?"

"सहाशे!"

"हो? अन वासरू काय म्हने?"

गुणवंतराव खाटेवर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच पाहत राहिले. धुरपताबाई दारात आली.

"मले भेव वाटते पोरी," शेवटी ते म्हणाले. "आकडा लहान सांगतला तं थे डॉक्टर नेईन मले. तिकडच्या दवाखान्यात माह्या मामाचा पाय गेला. आधी बोट, मंग पाऊल, मंग गुडघा. मंडईत त्याले बंडीत बसवून आनत. ढोलकी वाजली का थो तोंड फिरवे."

मनकर्णाला रडू आलं होतं. पण रडण्यापेक्षा राग जास्त आला होता, आणि रागापेक्षाही जास्त तिला काहीतरी करायचं होतं. तिने वही आणली, फूटपट्टी घेतली, आणि महिनाभराच्या त्या देखण्या आलेखावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारली. खाली लिहिलं : हे आकडे थांबून थांबून मोजलेले आहेत. आजचा खरा आकडा एकशे पंचावन्न.

"आता लपवाचं काईच नाई," ती म्हणाली. "भेव वाटलं तं मले सांगा. आकडे मात्र मीच मोजीन."

"अन नथ्थू?"

"नथ्थूकाकासंगं बोला ना. डॉक्टरनंच सांगतलं, दुखलं का थांबाचं. फक्त त्याच्या आधीचेच पावलं वहीत."

मग दोघं रोज पहाटे निघू लागली. धुरपताबाई पाण्याला एकटीच जायची आणि परतताना हाक मारायची, "मोजनारीन बाई, एक हंडा उचलाले येता का?" एकशे साठ. एकशे बासष्ट. एक दिवस एकशे पन्नास. आलेखाची नवी रेघ शेळीच्या वाटेसारखी वरखाली करत होती. पण खरी होती, आणि का कोण जाणे, मनकर्णाला ती जुनीपेक्षा जास्त आवडायला लागली.

राहिला रंग. आता तो रकानाही तिने उलटासुलटा केला. रोजचे रंग एकाखाली एक न लिहिता आठवड्याच्या ओळी पाडल्या, आणि पाहते तर काय, सगळ्या विटा एकाच बाजूला गोळा झाल्या होत्या! बाजाराचा दिवस, वीट. दुसरा दिवस, वीट. तिसरा, नारिंगी. मग हळूहळू हिरवं, की पुन्हा बाजार.

"बाबा, बाजारात तुमी पेढा खाता?"

"तुही शपथ, नाई."

"गूळ? रेवड्या?"

"पोरी, तुले इमान देऊन सांगतो. गोडधोड म्हणशील तं आषाढापासून तोंडाले नाई लावलो."

ते खरं बोलत होते. आता त्यांचं खरं-खोटं मनकर्णाला टोपीवरून कळायचं, आणि टोपी जागची हलली नव्हती.

बाजाराच्या दिवशी नेहमीप्रमाणे लालसू आला. लालसू म्हणजे बाबांचा जुना मैतर, जंगलातल्या गावचा. दोघांची ओळख एका अस्वलामुळे झाली होती. ती गोष्ट दर बाजाराला नव्याने सांगितली जायची आणि दर वेळी अस्वल थोडं मोठं व्हायचं. लालसू 'जोहार' करून सपरीत टेकला आणि त्याने पळसाच्या पानांचा पुडा सोडला. भाजलेले मोह! उन्हाळ्यात वेचलेली, वाळवलेली मोहाची फुलं, नीलाबाईने, म्हणजे लालसूच्या बायकोने, तिळासंगं खापरीत भाजलेली. त्या वासाने बकरीसुद्धा उभी राहिली.

गुणवंतरावांनी मूठ भरली. मनकर्णानेही मूठ भरली आणि मोह चघळत चघळत वही पुढे ओढली. तारीख लिहिली. गोड खाल्लं का, त्यापुढे लिहिलं : ना...

पेन्सिल तिथंच थांबली. तोंडात गोड पाक पसरला होता. मधासारखा, गुळासारखा, दाढेत चिकटणारा.

"बाबा!" ती भरल्या तोंडाने ओरडली. "मोह गोड असते!"

"तं काय कडू असते?" लालसू म्हणाला.

"मंग तुमी गोड खाल्लं नाई कसे म्हनता?"

गुणवंतराव पार गोंधळले. "मोह गोड हाये पोरी, पन थे गोडधोड नोहोय. गोडधोड दुकानात भेटते. मोह झाडाखाली पडते. बैल खाते, हरीण खाते, अस्वल खाते. अस्वलाले काय साखर होते?"

"अन डॉक्टरच्या कागदावर मोह नाई लिवला," धुरपताबाईने साथ दिली. "साखर हाये, गूळ हाये, पेढा हाये, केळ हाये. मोह कुठी हाये?"

कागदावर खरंच मोह नव्हता. नागपूरला छापलेल्या कागदावर तो असणार कसा? आणि महिनाभर स्वतः मोह चघळत 'गोड : नाही' लिहिणाऱ्या मनकर्णाला तरी कुठं सुचलं होतं? मग ती उठली.

"थांबा. कोनी हलू नका."

निळ्या औषधाची बाटली मोजून दिलेली होती, एक थेंब वाया घालवायचा नाही अशी ताकीद होती. तरी तिने दोन नळ्यांपुरतं औषध काढलं आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं. एका नळीत विहिरीचं साधं पाणी आठ थेंब. दुसरीत मोह भिजवलेलं पाणी आठ थेंब. दिवा पेटला. पोरं कुठून कुठून गोळा झाली. लालसू गुडघ्यांवर हात टेकून इतका वाकला की त्याच्या मिशा जळता जळता वाचल्या.

साधं पाणी उकळलं. निळं ते निळंच.

मोहाचं पाणी उकळायला लागलं मात्र, ते ना हिरव्यावर थांबलं, ना पिवळ्यावर. एकदम लालभडक वीट! इतकी पक्की वीट बाबांचीसुद्धा कधी आली नव्हती.

"बाप्पा!" म्हातारी म्हणाली. "मोहालेच साखर झाली!"

पोरं हसून लोळली. पण लालसू हसला नाही. तो पानांचा पुडा हळूहळू बांधायला लागला. "म्हंजे दर बाजाराले मीच याचा पाय बिघडवत होतो का?"

"नाई ना लालसूकाका!" मनकर्णा त्याच्याजवळ बसली. "मोहाचा काई दोष नाई. तुमच्यासारख्या दहा कोस चालनाऱ्या मानसाले थो पचते. बाबाले नाई पचत. तुमी येत जा. हात हलवत आले तरी चालते."

"हात हलवत?" लालसूला ते मोहापेक्षा जास्त लागलं. "मैतराच्या घरी? वास्ते आनीन मी. बांबूचे कोवळे कोंब. थे तं गोड नाई." मग तो पुडा बांधता बांधता थबकला. "पन मने, आमच्याकडच्या सुकलूकडे अशीच वही हाये. डॉक्टरची. त्याचीबी वीट येते मनते. थो तं मोह दोन टाइम खाते. सकाळी खाते, संध्याकाळी खाते."

मनकर्णाने त्याच क्षणी पोस्टकार्ड मागवलं. इतकं बारीक लिहिलं की पत्त्याला जेमतेम जागा उरली. आधी खोटा रकाना कोणता ते लिहिलं, कारण तेच सगळ्यात अवघड होतं. मग खरा असून चुकलेला रकाना कोणता ते लिहिलं. दोन नळ्यांचा प्रयोग लिहिला. खाली लिहिलं : जंगलाकडच्या ज्या ज्या वह्यांत वीट आहे, त्यांना मोहाबद्दल विचारावे. ते गोड म्हणून सांगणार नाहीत. आम्हीपण सांगितलं नव्हतं.

मोह बंद झाले, आणि दोन बाजार उलटून गेले तरी वीट आली नाही. पिवळा आला, हिरवा आला. पावलं एकशे नव्वद झाली, दोनशे वीस झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोनशे ऐंशी. आणि तिथंच अडली! दसरा गेला, दोनशे ऐंशी. दुसरा दिवस, दोनशे अठ्ठ्याहत्तर. पार समोर दिसायचा, हाकेवर, आणि पोटरी पुढे जाऊ द्यायची नाही. मनकर्णाने तोही आकडा जसाच्या तसा लिहिला.

आणि डॉक्टर आले. या खेपेला ऊन होतं, बूट कोरडे होते. त्यांनी एक शब्द न बोलता पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. तोच छापील कागद, साखर, गूळ, पेढा, केळं. आणि त्याखाली प्रत्येकावर शाईने, हाताने लिहिलेलं : मोह.

"चाळीसच्या चाळीस कागदांवर लिहिलं," ते म्हणाले. "जंगलातल्या भामरागडच्या चार वह्या पावसात अडकल्या होत्या, वाट उघडल्यावर त्या काल हाती आल्या. चारही लाल होत्या. एरवी आम्ही समजलो असतो की गोळ्याच निकामी आहेत. मनकर्णाबाई, तुझ्या पोस्टकार्डाने आमचा एक चुकीचा निष्कर्ष टळला."

मनकर्णा पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवायला लागली.

नळी झाली. हिरवा! तोही फिकट, धानाच्या कोवळ्या रोपासारखा. पोरांची निराशा झाली, त्यांना विटेची सवय होती.

"आता चाला," डॉक्टर म्हणाले. "मनकर्णा मोजेल. मधे थांबलात की मोजणी संपली. पुन्हा संधी आज नाही."

गुणवंतराव निघाले. मागे डॉक्टर, बाजूला मोठ्याने मोजणारी मनकर्णा, आणि त्यामागे सगळी आळी दबक्या पावलांनी. शंभर. एकशे वीस. एकशे पन्नास. आणि नेमका तेव्हाच, आठवडाभर लेकीकडे राहून त्याच सकाळी परतलेला, यातलं काही म्हणता काही माहीत नसलेला नथ्थूभाऊ दारात आला.

"ये गा गुणवंता! तुहीच वाट पाहून राह्यलो. लेकीनं चिवडा देल्ला."

गुणवंतरावांनी मान वळवली नाही.

"काऊन गा? आयकू नाई आलं का?"

एकशे बासष्ट. एकशे त्रेसष्ट.

"बोलून नाई राह्यला? पुन्हा धुरा आठवला का तुले?" नथ्थूभाऊचा आवाज चिरका झाला. "मी तं म्हनलो, झालं गेलं इसरला. जा, जा! आजपासून म्हशीचं नावबी काढू नको माह्यापाशी!"

गुणवंतरावांचं पाऊल अडखळलं. महिनोन्महिने ज्या खांबाला हात टेकला, तो खांब चार पावलंच मागे होता. मनकर्णाला मोजणी थांबवता येत नव्हती आणि गप्पही बसता येत नव्हतं.

"एकशे एकाहत्तर, नथ्थूकाका मागून सांगते, एकशे बाहत्तर, बाबा चाला, एकशे त्र्याहत्तर!"

गुणवंतराव चालले. विहीर गेली. वासरू गेलं. दोनशे साठ. दोनशे सत्तर. दोनशे ऐंशीला त्यांचा चेहरा आवळला, टाच जड पडली. मनकर्णाने आवाज चढवला. मागून पोरांनी मोजायला सुरुवात केली, मग म्हाताऱ्यांनी, दोनशे नव्वदला तर डॉक्टरसुद्धा ओरडून मोजत होते. दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नव्याण्णव, तीनशे! हात पाराला लागला. पण गुणवंतराव थांबले नाहीत. पाराला वळसा घालून चालतच राहिले आणि तीनशे चौदाला मटकन पायरीवर बसले.

डॉक्टर त्यांच्या पायाशी बसले. पावलाच्या पाठीवर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले.

"मुंगी होती," ते म्हणाले. "आता मुंगळा आहे."

"म्हंजे नागपूर?"

"नागपूरला मी एकटाच जातो. तुम्ही मंडईत नाचा. पण दुखलं की थांबायचं, आणि मोह मंडईतसुद्धा नाही."

"पण डॉक्टरसाहेब," मनकर्णाने विचारलंच, "हे गोळ्यांनी झालं, का चालल्यानं, का मोह सोडल्यानं?"

"माहीत नाही," डॉक्टर हसून म्हणाले. "एका पायावरून सांगता येत नाही. चाळीस वह्या भरल्या की कळेल. लिहीत राहा."

मनकर्णाला हे 'माहीत नाही' पहिल्यापेक्षाही आवडलं. या खेपेला त्यात तिचाही वाटा होता.

परतताना सगळी आळी गलका करत पुढे गेली. गुणवंतराव मात्र एकशे साठाव्या पावलाच्या दारापाशी रेंगाळले. नथ्थूभाऊ पाठ करून बसला होता. शेजारी चिवड्याची वाटी तशीच होती.

"नथ्थूभाऊ."

पाठ हलली नाही.

"म्हैस कशी हाये गा?"

"तुले काय करावं लागते म्हशीचं?"

गुणवंतराव खांब न धरता सपरीवर चढले, त्याच्या शेजारी बसले आणि अस्वलाच्या गोष्टीइतकी लांबलचक ही तीनशे पावलांची गोष्ट सांगायला लागले. गोष्ट विहिरीपर्यंत पोचायच्या आतच नथ्थूभाऊ वळून बसला होता आणि 'मंग?' विचारत होता.

मनकर्णाने रस्त्यातच वही उघडली. तीनशे चौदा लिहून झाले होते, रंग लिहून झाला होता, पण खरं ते सगळं लिहायचं अशीच सवय लागली होती ना. तिने पेन्सिल कानावरून काढली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं : परत येताना एकदा थांबले. पोटरी दुखत नव्हती. कारण, नथ्थूकाका.